निंबापासून पुढं टोपी

बोडका (वि.) : ज्याच्या डोक्यावर टोपी, फेटा, पागोटं, काहीच नाही असा.

कोशात पहिला अर्थ एवढाच असतो. साधा, कुणाला न दुखवणारा. पण समुद्रपुरात किसनरावांच्या दारात तो माणूस येऊन उभा राहिला तेव्हा घरात कोश नव्हता. आत्या होत्या, आनंदाबाई.

संध्याकाळ उतरत होती. ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग, ढिगात कोपरापर्यंत बुडालेले यशोदेचे हात... आणि तिनं मान वर केली तर दारात हा. उंच, सावळा, खांद्याला पिशवी, कपड्यांवर रस्त्याची लाल धूळ. आणि डोकं उघडं. केस वाऱ्यानं पिंजारलेले.

"किसनरावांचं घर हेच का? मी नागपुराहून आलो — दवाखान्यातून."

नागपूर. दवाखाना. उघडं डोकं.

आनंदाबाईंनी त्याच्या डोक्याकडे एकदाच पाहिलं. मग दोन्ही हातांनी छाती पिटत त्यांनी जो हंबरडा फोडला, तो पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. "माह्या दादा गेला वं, माय! गेला माह्या दादा!"

अर्थ दुसरा. हा कोशात सापडायचा नाही, पण त्या मुलखातल्या लहान पोरालाही पाठ होता. मयताची बातमी घेऊन येणारा माणूस टोपी काढून येतो. त्याला तोंडानं काही सांगावं लागत नाही. दारातलं उघडं डोकंच सांगतं.

यशोदेचे वडील किसनराव पोटात गाठ झाली म्हणून दिवाळीनंतर नागपूरच्या दवाखान्यात होते. आई, शकुबाई, त्यांच्या उशाशी. घरी यशोदा आणि आत्या दोघीच. यशोदेच्या मुठीत कापूस तसाच होता आणि ती मूठ उघडत नव्हती.

"अहो — ऐका तर —" तो गडबडून आत्यांना सावरायला ओसरीवर आला, पाय कापसात रुतला, दोघंही ढिगात कोसळली. "गोधडी! गोधडी पाहिजे म्हणाल्या शकुबाई! थंडी वाजते म्हणून! ते बरे आहेत हो — बरे आहेत!"

तोवर अंगण भरलं होतं. शेजारचे पुंडलिकराव तर तिरडीसाठी हिरवे बांबू कोणाकडे मिळतील ते विचारत होते.

आत्यांचा हंबरडा मध्येच थांबला. "...गोधडी?"

"जाडी. निळ्या काठाची."

यशोदेची मूठ आता कुठे उघडली. भीती तेव्हा आली नव्हती, ती आता आली, आणि तिच्या मागून राग.

"तुमच्या डोक्यावर काई नाई काऊन?" हे तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं.

"...सवय नाही."

"मंग करा!"

तो गोधडी काखेत मारून निघाला. त्याच्या पिंजारलेल्या केसांत कापसाचा एक पांढरा पुंजका अडकला होता. सांगावं का? तिनं सांगितलं नाही. वळणावरच्या निंबापर्यंत तो पुंजका दिसत राहिला.

*

तो कोण, हे आत्यांनी दुसऱ्या दिवशीच काढलं. माधव. शाळेत नवीन आलेला मराठीचा मास्तर. सेलूकडचा, शेतकऱ्याचाच पोरगा. बाप नाही. आई नागपूरला मोठ्या लेकीकडे, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की हा नागपूरची मोटार धरायचा, रविवारी संध्याकाळी परत. दवाखान्यात कुणा ओळखीच्याला पाहायला गेला, शेजारच्या खाटेवर समुद्रपूरचा माणूस निघाला.

"सोयरिकीत बसते आपल्या," आत्या उगाच म्हणाल्या.

यशोदेनं ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चारी टोकांना गाठी मारलेला रुमाल होता. यशोदा पदर तोंडात धरून आत पळाली. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा हसली होती, आणि हसल्याचं तिला इतकं भय वाटलं की देवापुढे जाऊन तिनं कान धरले.

"बाबांचं पोट दुखायचं थोडं कमी आहे. डॉक्टर म्हणतात, अंगात रक्त भरू द्या, मग कापू."

कापू. तो शब्द त्यानं हळू उच्चारला, तरी कापलं ते कापलंच.

तिसऱ्या रविवारी पांढरी टोपी आली. मग दर रविवारी.

आणि यशोदेला एक नवं दुखणं लागलं. रविवारी दुपार कलली की तिचा हात वेचणीत चालायचा नाही. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन उभी राहायची. तिथून रस्ता दिसे, वळण दिसे, वळणावरचा निंब. लांबून हॉर्न वाजायचा, आणि मग त्या निंबाखालून... पांढरा ठिपका. बाबा आहेत. अजून आहेत. तिचा श्वास सुटायचा. आणि श्वास सुटता सुटता कळायचं, की ज्या डोक्याची वाट पाहून डोळे दुखले, त्याच डोक्याला आपण इतके भितो.

हे कुणाला सांगायचं? आत्यांना?

एकदा ती जरा लवकर आली धुऱ्यावर. आणि तिनं पाहिलं.

"मास्तर."

"हं?"

"तुमी टोपी निंबापाशी घालता."

चहाची बशी त्याच्या ओठांपाशी थांबली. "...पाहिलंत?"

"मले धुऱ्यावरून दिसते. गावातून बोडके येता. निंबाखाली उभे राह्यता, खिशातून काढता, झटकता, घालता. जातानी निंब आला का काढून खिशात."

"मास्तरावर पाळत ठेवता होय?"

"मी माह्या बापाची वाट पाह्यतो," ती म्हणाली. मग खाली बघून, "...त्याच्यात तुमी दिसता."

*

उगम —

(हे पान नीट लागत नाही. कारण ते सलग बोललं गेलं नाही. दोघं वावरात वेचत होती, मध्ये पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडांची, ओळ, आत्या दोन ओळी पलीकडे, आणि आत्यांचे कान तिखट.)

"शाळेतले पोट्टे तुमाले बोडका मास्तर म्हणतात."

"माहीत आहे."

"वाईट नाई वाटत?"

"शब्द चांगला आहे. जुना आहे. प्राकृतात 'बोड' म्हणजे मुंडण केलेला. गुजरातीत बोडुं. चांद्याकडे तेलुगू बोलणाऱ्यांना विचारा, बोडि म्हणतील. टकलालाही बोडि, शिंगं नसलेल्या गाईलाही बोडि. कोणाकडून कोणाकडे गेला, पंडितांनाही नीट ठरवता येत नाही."

"म्हंजे शिंगं नसलेले मास्तर."

"मारायची भीती नाही. जवळ आलात तरी चालेल."

ती जवळ आली नाही. पण पऱ्हाटीच्या ओळीतलं तिचं चालणं हळू झालं.

"आमच्यात वेचणी झाली का म्हणतात, पऱ्हाटी बोडकी झाली."

"बघा. होतं नव्हतं ते देऊन बसली की बोडकी."

"अन् तुमी?" ती फटकन म्हणाली. "शब्द कुठून आला ते तुमाले ठाव आहे. तुमचं बोडकेपण कुठून आलं? तुमी काय देऊन बसले?"

तो हसला नाही. एक बोंड नुसतं चिमटीत धरून राहिला. यशोदेला वाटलं, विचारायला नको होतं. पलीकडे आत्या खोकल्या...

"लोकांना वाटतं फॅशन आहे," तो म्हणाला. "हेडमास्तरांना वाटतं सुधारक आहे. तसं काही नाही. बाप गेला तेव्हा टोपी काढली. सगळेच काढतात. तेरवीला ती पुन्हा घालतात — आपली आपण नाही घालायची. मामा घालतो. मामा नसला तर सासरा. मला सासरा नव्हता, मामा होता."

"मंग?"

"बापूराव. माझा सख्खा मामा. बाप आणि तो, दोघांचं विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं होतं. तेरवीला ताटात नवी टोपी ठेवली होती, शेला ठेवला होता. पंगत थांबवली. आई दारात. दुपार झाली... मामा आला नाही. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, मीच घालतो. आईनं नको म्हटलं. ज्याचा मान त्याचा. संध्याकाळी ताट उचललं."

बोलता बोलता त्याची शाळेतली भाषा कुठे गळून पडली, त्यालाही कळलं नाही. "तवापासून कोणं घातलीच नाई. म्हून बोडका."

यशोदेला आठवलं. 'मंग करा!' — असं आपण ओरडलो होतो. अंगणभर माणसांसमोर.

"अन् मी तुमाले..."

"ती मी घालत नाही," तो घाईनं म्हणाला. "निंबापासून तुमच्या दारापर्यंत नुसती दाखवतो. आत्याबाई त्या दिवशी रडल्या ना, माझी आई तशीच रडली होती. कोणाच्या दारात जाऊन पुन्हा तसं... म्हणून."

"यशोदे!" पलीकडून आत्या. "कापूस वेचून राह्यली का शब्द?"

*

अर्थ तिसरा. हा यशोदेनं स्वतःशी केला आणि कुणाला सांगितला नाही. बोडका : जो आपलं दुःख खिशात घडी घालून ठेवतो आणि दुसऱ्यानं भिऊ नये म्हणून

(पुढचं तिला जमलं नाही.)

*

नाताळच्या सुटीआधीची संध्याकाळ. निंबाखाली. ती विहिरीवरून येत होती, तो खिशातून टोपी काढत होता. ठरवून नव्हे... म्हणजे, तिनं तरी तसंच स्वतःला सांगितलं होतं.

"सुटीभर मी नागपुरातच आहे. ऑपरेशन सुटीतच करणार म्हणतात."

घागरीतलं पाणी डुचमळलं.

"मास्तर. एक गोष्ट कराल?"

"सांगा."

"काई... वाईट झालं... तरी टोपी घालूनच येजा. खोटं बोला. इथून दारापर्यंत तेवढं तरी मले —"

"नाही."

तिनं दचकून पाहिलं. त्यानं इतक्या दिवसांत तिला कधी नाही म्हटलं नव्हतं.

"टोपी एकदा खोटी पडली, की तुम्ही तिच्यावर पुन्हा कधी भरवसा ठेवणार नाही. माझ्यावरही नाही." मग थांबून, अगदी हलक्या आवाजात, वावरातल्या त्या दुसऱ्या भाषेत — "पण मीच येईन. जे झालं असन ते घेऊन मीच येईन, यशोदा. दुसऱ्या कोणाले तुह्या दारात पाठवणार नाई."

यशोदा. तुह्या. दोन्ही एकाच वाक्यात.

माणसं काय काय आणून द्यायचं कबूल करतात. गजरे, बांगड्या, नागपुरी लुगडं. यानं वाईट बातमी स्वतः आणायचं कबूल केलं. तिला वाटलं, घागर इथेच ठेवावी आणि... काय करावं? पण तो तसा आला तर? बोडका आला तर? मग हाच चेहरा, हेच केस, आयुष्यभर बाबांच्या मरणाच्या मागे उभे राहतील. मग याच्याकडे कधी बघता येईल?

"येजा," एवढंच ती म्हणाली. कसे, ते नाही म्हणाली.

*

सुटी लागली. तो आला नाही.

निरोप आला नाही. पोस्टमन दारावरून गेला, थांबला नाही. आत्या देवाजवळ बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. आभाळ भरून आलं, अवकाळी पाऊस पडायला लागला. बारीक, चिकट. उरलासुरला कापूस बोंडातच भिजून लोंबायला लागला. यशोदा गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन धुऱ्यावर.

निंबाखाली पांढरं काही — पिशवी होती कुणाची.

निंबाखाली पांढरं काही — बगळा.

निंबाखाली काळं काही —

तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तर म्हशीचं रेडकू होतं.

चांगली बातमी असती तर तो धावत आला असता. वाईट असती तर... वाईट असती तरी तो आला असता, त्यानं तसं म्हटलं होतं. मग येत का नाही? चांगली आणि वाईट यांच्या मध्ये काय असतं? की बातमी वाईट आहे आणि ती घेऊन येण्याचं त्याचंच धाडस होत नाही?

सुटी संपायला आली. त्या दुपारी मोटारीचा हॉर्न नेहमीसारखा वाजला. बराच वेळ कोणी आलं नाही. मग निंबाच्या वळणावरून एक बैलगाडी निघाली. पुंडलिकरावांचीच गाडी, सकाळी त्यांचा गडी गावात घेऊन गेलेला, बैल ओळखीचे. गाडीवर तट्ट्याचं छप्पर, त्यावर ताडपत्री, आत काही दिसत नव्हतं. आणि कासरा धरून पुढे —

माधव.

पावसात. बोडका.

निंब आला. त्याचा हात खिशाकडे जाईल... जाईल... गेला नाही. निंब मागे पडला. गाडी पुढे आली. उघडं डोकं पुढे आलं, ओले केस कपाळाला चिकटलेले. अन् त्यानं तिला धुऱ्यावर पाहिलं. तो गाडीवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून जोरजोरानं हलवायला लागला. काहीतरी ओरडला. वाऱ्यानं ते उलट्या दिशेला नेलं.

ताडपत्रीखाली काय आणलं होतं, ते यशोदेला कळलं.

घरातून आत्यांचा हंबरडा उठला. त्यांनीही पाहिलं होतं.

ती धावत सुटली. घराकडे नाही, गाडीकडे. पऱ्हाट्या पोटऱ्यांना ओरबाडत होत्या, खोळ कुठे पडली, चिखल, पाऊस... तिला त्याच्या छातीवर मुठी मारायच्या होत्या. आणि तिथेच डोकं टेकायचं होतं. दोन्ही. तिनं बैलांच्या समोरच जाऊन जू धरलं. "मास्तर! तुमी — तुमी —"

"अगं नाही! ऐक तर! नाही गं —"

"काऊन रडून राह्यली वं, पोरी?" ताडपत्रीच्या आतून आवाज आला.

ताडपत्री बाजूला झाली. आत शकुबाई, त्यांच्या मांडीला टेकून, निळ्या काठाच्या गोधडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेले किसनराव. गालांची हाडं वर आलेली. आणि डोक्यावर, कानांपर्यंत खाली उतरलेली, पांढरी टोपी.

यशोदा जू धरूनच खाली बसली. चिखलात.

"मी सांगत होतो ह्यांना," माधव जवळजवळ रडकुंडीला आला होता, "निंबाच्या आधी टोपी परत द्या म्हणून! शंभरदा सांगितलं!"

"अन् मी गावात बोडका शिरू?" किसनराव म्हणाले. आवाज क्षीण, पण ताठा जुनाच. "माह्या फेटा यायनं टाक्यांवर बांधला, गाडीत हिसके बसते म्हून. मंग डोक्याले काय? लोक पाह्यतील तं काय म्हणतील, किसनराव बोडका आला! कोण मेलं त्याचं?"

"लोकांनी मला पाहिलं ना!"

"तुमाले कोण पाह्यते? तुमी तं रोजचेच बोडके."

शकुबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या डोळे पुसत होत्या. "ऑपरेशन कवाचंच झालं, बाई. टाके काढल्यावर सोबतच आणू म्हणे मास्तर. अन् कार्ड टाकलं होतं त्यायनं. आलं नाई?"

कार्ड यायचं होतं अजून.

*

अंगणात पुन्हा सगळी जमली होती. किसनरावांना ओसरीवर बाजेवर टेकवलं. आत्यांनी भावाचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला, आणि आनंदानं पुन्हा तोच हंबरडा फोडला, त्यामुळे जे घरी राहिले होते तेही आले.

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. आत्यांनी झटकन पदराचा शेव त्यांच्या डोक्यावर धरला. टोपी पावसानं मऊ पडली होती. त्यांनी ती हातात उलटसुलट करून पाहिली.

"थे ताट आण वं," ते बायकोला म्हणाले. "अन् कुंकू."

माधव चमकला. "नाही — राहू द्या, मी खिशात —"

"बसा." त्यांनी बाजेच्या कडेवर हात आपटला. "दवाखान्यात झोप येत नोयती. तुमीच सांगितलं मले तेरवीचं. मी आयकून घेतलं. अंगात रक्त नोयतं म्हून बोललो नाई. आता बोलतो."

मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खांबाआड होती, पदराला चिखल, पोटऱ्यांवर रक्ताच्या बारीक रेघा.

"यशोदे, तू सांग. टोपी माणसानं आपली आपण घालाची नसते. याचा मामा तं आला नाई. मंग कोणाचा हक्क असते?"

पागोळ्यांतून पाणी ठिबकत होतं. माधव खाली बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

तिला उत्तर ठाऊक होतं. पऱ्हाटीच्या ओळीत त्यानंच सांगितलं होतं. एकच शब्द. पण तो बोलला की मग... मग दर रविवारी काय, जन्मभर धुऱ्यावर उभं राहणं आलं. याच्या डोक्याची वाट पाहणं आलं. हे भय आता कधीच संपायचं नाही.

"बोल, बाई," शकुबाई हळूच म्हणाल्या.

यशोदेनं खांब घट्ट धरला.

"...सासऱ्याचा."

किसनरावांनी माधवला कुंकू लावलं, आणि दोन्ही हातांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. तिच्यातलं पाणी त्याच्या नाकावरून ओघळलं. ते पावसाचंच होतं असं तो नंतर सांगायचा.

आत्यांनी तिसऱ्यांदा गळा काढला. कुंपणापलीकडून पुंडलिकराव धापा टाकत आले. "पाह्यलं ना मी गाडी जातानी! बोलून ठेवलं बाप्पा, सांगितलं हिरवे बांबू तोडाले — कधी नेता?"

"पुंडलिका," किसनराव डोळे मिटूनच म्हणाले, "राहू दे ते बांबू. मांडवाले होतील."

*

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. यशोदा सकाळीच धुऱ्यावर होती, भिजलेला कापूस वाळत घालायचा म्हणून. माधवला आत्यांनी चहाला बोलावलं होतं. चहा झाला, तो निघाला. ती पाहत राहिली. पांढरा ठिपका रस्त्याला लागला, वळणावर गेला, निंबापाशी पोचला.

थांबला.

वाळत घालायचा कापूस तिच्या मुठीत तसाच राहिला.

त्यानं मागे वळून धुऱ्याकडे पाहिलं, टोपी दोन्ही हातांनी कानांवर घट्ट ओढली, आणि निंबाच्या पुढे निघून गेला.